वयाचा पुरावा मागायचा कसा? कोकणात नवं दुकान टाकणाऱ्यांसाठी

मे महिन्याची सुट्टी, गणपती आणि शिमगा या दिवसांत कोकणातल्या दुकानासमोर दोन तऱ्हेची माणसं उभी असतात. एक मुंबई-पुण्याहून आलेली, ज्यांचं नावगाव तुम्हाला ठाऊक नसतं. दुसरी वाडीतली, ज्यांच्या बारशाला तुम्ही जेवलात. पहिल्यांचं वय चेहऱ्यावरून कळत नाही आणि दुसऱ्यांना वय विचारायला जीभ रेटत नाही. टपरी, किराणा, बियर शॉपी किंवा हार्डवेअरचं दुकान नव्यानं चालवणाऱ्याची गफलत नेमकी इथेच होते.

उपाय पहिल्या दिवसापासून लावायचा. वय चेहऱ्यावर नाही, कागदावरच्या तारखेत वाचायचं. आणि विचारायचं तर सरपंचाच्या मुलापासून पर्यटकापर्यंत सगळ्यांना सारखंच विचारायचं.

काउंटरवर आधी हे जमवून ठेवा

- तंबाखू विकत असाल तर फलक: १८ वर्षांखालील व्यक्तीला तंबाखूजन्य पदार्थ विकणं हा दंडनीय गुन्हा आहे, असा. मराठीत, किमान ६० × ३० सेंटिमीटर.
- मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर आणि रोज बदलायची एक चिठ्ठी (कशी, ते पुढे).
- बॅटरी आणि साधं भिंग. पावसात वीज गेली की कार्डावरचा बारीक आकडा दिसत नाही, आणि ‘दिसत नाही, जाऊ दे’ म्हणून माल सुटतो.
- फोनवर आधारचा क्यूआर कोड वाचणारं सरकारी ॲप.
- मद्याच्या दुकानात एक दिवसाच्या परवान्यांचं पुस्तक.
- ॲसिड विकत असाल तर बांधीव नोंदवही. सुट्टे कागद नकोत.

१. कोणत्या मालाला किती वय, ते पाठ करा

सिगारेट, विडी, तंबाखू: १८ पूर्ण. हा नियम २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याचा. कोकणात पुष्कळ घरांत लागणारी मिसरी आणि तपकीरही यातच येते. मिसरी ‘दात घासायची’ म्हणून सुटत नाही, कारण तंबाखू असलेली दंतपावडर कायद्याच्या यादीत स्पष्ट लिहिलेली आहे.

मद्य: महाराष्ट्रात बियरला २१ पूर्ण; व्हिस्की, रम, देशी अशा कडक दारूला २५ पूर्ण. बियर शॉपीत वाइनही असते. तिलाही २१ लावा, म्हणजे काउंटरवर वाद उरत नाही.

ॲसिड: १८ पूर्ण, शिवाय पत्ता आणि कारण. याचा वेगळा भाग खाली आहे.

सिम कार्ड: १८ पूर्ण. त्याखालच्या मुलाच्या नावावर सिम निघत नाही, घरच्या मोठ्या माणसाच्या नावावर घ्यावं लागतं.

गुटखा, पानमसाला, सुगंधी तंबाखू यांना वयच नाही. राज्यात त्यांची विक्री बंद आहे. ई-सिगारेटवर २०१९ पासून देशभर बंदी आहे. कुणी पन्नाशीचा माणूस मागायला आला तरी उत्तर तेच.

शिक्षेचं गणित नीट लक्षात घ्या. तंबाखू कायद्यात अल्पवयीनाला विकल्याचा दंड २०० रुपयांपर्यंतच आहे, म्हणून बरेच जण निर्धास्त असतात. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७७ वेगळं आहे: १८ खालच्या मुलाला दारू किंवा तंबाखू दिली तर ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड. पाच रुपयांच्या पुडीसाठीसुद्धा हे कलम लागू शकतं.

२. रोज सकाळी तारखेची चिठ्ठी लावा

गर्दीत वजाबाकी चुकते. म्हणून दुकान उघडल्यावर, देवाला उदबत्ती लावून झाली की एक चिठ्ठी लिहा आणि गल्ल्याच्या आतल्या बाजूला, फक्त तुम्हाला दिसेल अशी चिकटवा. समजा आज १२ नोव्हेंबर २०२५ आहे. चिठ्ठी अशी:

१८ → १२-११-२००७
२१ → १२-११-२००४
२५ → १२-११-२०००

कार्डावरची जन्मतारीख चिठ्ठीतल्या तारखेची किंवा तिच्या आधीची असली तर माल द्या. नंतरची असली तर एक दिवस कमी असला तरी नाही. वाढदिवसाच्या दिवशी वय पूर्ण धरलं जातं, त्यामुळे ज्याचा आज अठरावा वाढदिवस आहे त्याला अडवू नका.

तारखेचा क्रमही बघा. आपल्याकडे दिवस-महिना-वर्ष असा असतो. परदेशी पर्यटकाच्या ओळखपत्रावर कधी महिना आधी असतो. ०५-१०-२००७ ही पाच ऑक्टोबर की दहा मे? खात्री नसेल तर पासपोर्ट मागा, त्यावर महिना पुष्कळदा अक्षरांत छापलेला असतो.

३. विचारायचं कोणाला

तंबाखू नियमांत स्पष्ट आहे: घेणारा अल्पवयीन नव्हता हे दाखवण्याची जबाबदारी विकणाऱ्याची, आणि शंका आली तर वयाचा पुरावा मागायचा अधिकारही विकणाऱ्याला. ‘मला मोठा वाटला’ हा बचाव टिकत नाही.

शंका म्हणजे काय, हे दर वेळी नव्यानं ठरवत बसू नका. एक रेघ आखून टाका. तंबाखूला २५ च्या आतला वाटेल त्या प्रत्येकाला पुरावा, कडक दारूला ३५ च्या आतला वाटेल त्या प्रत्येकाला. ही रेघ कायद्याची नाही, पण कामाची आहे. समुद्रावर उन्हातान्हात काम करणारा १७ वर्षांचा खलाशी पंचविशीचा दिसतो आणि कॉलेजातली २६ वर्षांची मुलगी अठराची. डोळा दोन्हीकडे फसतो.

टोळक्यानं आलेल्यांत पैसे देणाऱ्याचंच वय बघू नका. चौघांतला एक पंचविशीचा पुढे होतो, बाकीचे मागे मोटारसायकलवर बसून राहतात आणि तिथून ब्रँड ओरडून सांगतात. माल कोणासाठी चाललाय हे दिसत असेल तर सगळ्यांचे पुरावे मागा, नाही तर विकू नका.

४. मागायचं कसं

आधी पुरावा, मग माल. बाटली काउंटरवर ठेवली, पैसे हातात घेतले आणि मग वय विचारलं, की भांडण ठरलेलं. गिऱ्हाइकाला वाटतं आपली वस्तू आपल्याकडून काढून घेतली.

वाक्य साधं आणि दर वेळी तेच ठेवा: ‘जन्मतारखेचं ओळखपत्र दाखवा हां, सगळ्यांनाच विचारतो.’ ‘तुमचं वय काय?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर तोंडी येतं आणि तोंडी उत्तराचा काही उपयोग नाही.

ओळखीच्या घरातला मुलगा म्हणेल, ‘काका, तुम्ही मला ओळखता ना!’ त्यावर: ‘ओळखतो म्हणूनच विचारतोय. तुझ्या बाबांनी विचारलं तर मला सांगता आलं पाहिजे.’ बाबांचं नाव निघालं की खरोखर अठराचा असलेला कार्ड काढतो आणि नसलेला निघून जातो. वाडीत याहून जालीम औषध नाही.

५. कार्ड हातात घ्या आणि असं वाचा

कार्ड गिऱ्हाइकाच्या हातात ठेवून वाचू नका. कार्ड पुढे धरलेल्या हाताचा अंगठा पुष्कळदा नेमका जन्मसालाच्या शेवटच्या आकड्यावर असतो. ‘जरा बघू’ म्हणून हात पुढे करा, कार्ड घ्या, उजेडाकडे तिरकं धरा. आकडा खरवडलेला असेल तर लॅमिनेशनची चकाकी तिथे तुटलेली दिसते. वरून चिकटवलेला असेल तर नखाला कड लागते.

आधार कार्ड: सगळ्यांकडे असतं, पण तीन खाचखळगे आहेत. पहिला, काही जुन्या कार्डांवर फक्त ‘जन्म वर्ष’ असतं. तेव्हा ३१ डिसेंबरचा जन्म धरा. वरच्या उदाहरणात, १२ नोव्हेंबर २०२५ ला नुसतं ‘२००७’ असलेल्याला तंबाखू देता येत नाही, ‘२००६’ असेल तर येते. दुसरा, फोटो. आधारचे ठसे आणि फोटो ५ व्या आणि १५ व्या वर्षी नव्यानं द्यावे लागतात. ज्यांनी दिले नाहीत त्यांच्या कार्डावर शाळकरी चेहराच राहतो. चेहरा जुळत नसेल तर दुसरं ओळखपत्र मागा. तिसरा, रंगीत झेरॉक्स. आधारची रंगीत प्रत लॅमिनेट करून मिळते आणि त्याआधी संगणकावर आकडा बदलणं सोपं असतं. म्हणून क्यूआर स्कॅन करा. कोडमध्ये नाव, जन्मतारीख आणि फोटो सरकारी डिजिटल सहीसह असतात, छापलेला आकडा बदलला तरी आतला बदलत नाही. हे स्कॅन नेट नसतानाही चालतं. घाटाखालच्या ज्या वाड्यांत रेंज येत नाही, तिथे हीच तपासणी उपयोगी पडते.

आणखी एक गोष्ट. आधार हा मुळात ओळखीचा पुरावा आहे. जन्मतारखेचा पक्का पुरावा म्हणून तो धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२४ मध्ये एका अपघात भरपाईच्या खटल्यात सांगितलं. काउंटरवर तो चालतो, पण शंका असताना फक्त त्याच्यावर विसंबू नका.

ड्रायव्हिंग लायसन्स: फोटो, जन्मतारीख, पत्ता सगळं एका कार्डावर. पण ‘लायसन्स आहे म्हणजे अठरा झाले’ हा समज चुकीचा. ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी १६ व्या वर्षी लायसन्स मिळू शकतं. तारीख वाचल्याशिवाय कार्ड परत करू नका.

मतदार ओळखपत्र: तंबाखूला उत्तम, कारण १८ पूर्ण झाल्याशिवाय मतदार यादीत नाव लागत नाही. बियर आणि कडक दारूला मात्र वय मोजावंच लागतं. जुन्या कार्डांवर जन्मतारखेऐवजी अमुक सालच्या १ जानेवारीला असलेलं वय लिहिलेलं असतं, त्यात पुढची वर्षं मिळवा.

पॅन कार्ड: जन्मतारीख आणि फोटो आहे, पत्ता नाही. लहान मुलांचंही पॅन निघतं, पण त्यावर फोटो नसतो. बिनफोटोचं पॅन पुढे आलं तर ते परत द्या.

शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला: तारखेसाठी भक्कम, पण फोटो नाही. हा दाखला समोरच्याचाच आहे कशावरून? नुसत्या दाखल्यावर माल देऊ नका.

कॉलेजचं ओळखपत्र: नको. ते सरकारी नाही आणि बहुतेकांवर जन्मतारीखच नसते.

थोरल्या भावाचं कार्ड हा सगळ्यात जास्त होणारा प्रकार. आडनाव तेच, गाव तेच, चेहऱ्याची ठेवण तीच. जन्मतारीख विचारून उपयोग नाही, ती पाठ करून आलेली असते. त्याऐवजी विचारा: ‘दहावी कुठल्या साली?’ साधारणपणे जन्मसालात पंधरा-सोळा मिळवले की दहावीचं साल येतं. स्वतःचं साल माणूस पटकन सांगतो. उसन्या कार्डवाला आकाशाकडे बघत हिशेब करायला लागतो.

६. फोनवर दाखवलं तर

डिजिलॉकर ॲपमध्ये उघडलेलं लायसन्स किंवा आधार मूळ कागदाइतकंच ग्राह्य आहे. अट एकच: ते तुमच्यासमोर ॲपमध्ये उघडलं पाहिजे. गॅलरीतला फोटो, व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ, स्क्रीनशॉट यांतला आकडा कुणीही बदलू शकतो. ‘ॲप बंद करून परत उघडा’ एवढंच सांगा. रेंज नसली तर उघडत नाही, हे खरं. मग कार्ड आणायला सांगा.

गिऱ्हाईक म्हणून तुम्ही समुद्राकडच्या गावात जाणार असाल तर प्लॅस्टिकचं लायसन्स खिशात ठेवा. आधार दाखवायचंच असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं झाकलेलं आधार काढून ठेवा. वय सिद्ध करायला बारा आकडे लागत नाहीत.

आणि दुकानदारानं दारू-तंबाखूसाठी कुणाच्या कार्डाचा फोटो काढू नये, झेरॉक्स ठेवू नये. बघायचं, चेहऱ्याशी ताडायचं, परत द्यायचं. दुसऱ्याचे कागद तुमच्या फोनमध्ये साठले तर त्यांची जबाबदारी तुमच्या डोक्यावर.

७. घरच्यांनी पाठवलेलं मूल

संध्याकाळी दिवेलागणीला आठ-नऊ वर्षांचं पोर दहाची नोट मुठीत घेऊन येतं: ‘काका, आजोबांनी विडीचो कट्टो सांगल्यानी.’ खोटं बोलत नसतं. आजोबा खरंच पडवीत वाट बघत असतात, त्यांचे गुडघे धरलेले असतात. तरीही द्यायचं नाही. कायदा वस्तू कोण ओढणार हे बघत नाही, कोणाच्या हातात दिली हे बघतो. शिवाय जे पोर आज कट्टा नेतं, त्याला कट्ट्याची वाट तुम्हीच दाखवलेली असते.

पोराला रागावू नका, त्याची चूक नाही. ‘आजोबांका सांग, तुमीच येवा’ म्हणा आणि नोट परत द्या. मग सवड मिळाली की स्वतः घरी जाऊन आजोबांना समजवा. एकदा नीट सांगितलं की बहुतेक घरं ऐकतात. आजोबांना येता येत नसेल तर घरातल्या मोठ्या माणसानं यावं किंवा तुम्ही जाता-येता पोचवावं.

सुट्टी विडी, सुट्टी सिगारेट कुणालाच नाही. सप्टेंबर २०२० पासून राज्यात सुटी विक्री बंद आहे. शाळकरी मुलं सुट्टीच घेतात, कारण पाकिटाएवढे पैसे त्यांच्याकडे नसतात. पाकीट फोडायचं नाही एवढं पाळलं तरी वयाचे निम्मे तंटे मिटतात.

टपरीची जागा ठरवण्याआधी शाळेपासूनचं अंतर मोजा. शिक्षणसंस्थेच्या १०० यार्डांत, म्हणजे सुमारे ९१ मीटरांत, कोणत्याही वयाच्या माणसाला तंबाखू विकता येत नाही. अंतर शाळेच्या दारापासून किंवा रस्त्यानं मोजत नाहीत, आवाराच्या हद्दीपासून सरळ रेषेत मोजतात. आपल्याकडे शाळेची हद्द म्हणजे बऱ्याचदा जांभ्याचा गडगा. टेप तिथून लावा. पाणंदीनं वळसा घालून दोनशे पावलं भरतात म्हणून टपरी टाकली आणि सरळ रेषेत ती साठ मीटरवर निघाली, तर उचलावी लागते.

८. ॲसिड: इथे वय पुरेसं नाही

लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१३ मध्ये ॲसिडच्या उघड विक्रीवर बंधनं घातली. कोकणात ॲसिड अनेक कामांना लागतं: बोटींच्या बॅटऱ्या, बाथरूमच्या फरशा, सावंतवाडी-दोडामार्गकडे रबराचा चीक गोठवायला फॉर्मिक ॲसिड. मागणारे बहुतेक कामाचेच असतात. नियम तरी प्रत्येकाला लावायचा.

१८ खालच्या कुणालाही नाही. फोटो आणि पत्ता दोन्ही असलेलं सरकारी ओळखपत्र बघायचं, म्हणजे दारूला चालणारं पॅन इथे चालत नाही. घेणाऱ्यानं कारण सांगायचं. वहीत नाव, पत्ता, किती दिलं आणि कशासाठी, हे त्याच वेळी लिहायचं. जवळचा साठा १५ दिवसांच्या आत उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या प्रांत कार्यालयात, जाहीर करायचा. तो लपवला तर माल जप्त आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड.

वहीत ‘साफसफाई’ एवढंच लिहू नका. ‘घराच्या मागील मोरीची फरशी, १ लिटर’ असं लिहा. कारण सांगताना जो अडखळतो किंवा ‘तुम्हाला काय करायचंय’ म्हणतो, त्याला देऊ नका. तारीख जुळली, कार्ड खरं असलं, तरी नाही. इतर मालात चूक झाली तर निस्तरता येते; ॲसिडनं एखाद्याचा चेहरा गेला की तो परत येत नाही.

९. मद्याच्या दुकानात परवाना आणि गोव्याची गोष्ट

महाराष्ट्रात दारू विकत घ्यायला, बाळगायला, प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा आणि आजीवन असे प्रकार आहेत. एक दिवसाचा दुकानातच फाडून देतात. घाईत दुकानदार परवाना फाडतो आणि वय बघायचं राहतं, म्हणून क्रम बांधून घ्या: ओळखपत्र, परवाना, बाटली. आजीवन परवाना दाखवला तरी फोटो जुळवा.

बांदा, सातार्डा, दोडामार्ग पट्ट्यात एक वाद नेहमीचा. गोव्यात मद्याचं वय १८ आहे. पत्रादेवीपलीकडे कालपर्यंत बियर मिळालेला एकोणीस वर्षांचा मुलगा बांद्याला येऊन तीच मागतो आणि ‘तिथे देतात’ म्हणून अडून बसतो. खोटं नाही त्याचं. ‘तिथे अठरा, इथे एकवीस, राज्य बदललं’ एवढं शांतपणे सांगा. आणि गोव्यातली बाटली, जिच्यावर ती गोव्यातच विकण्यासाठी असल्याचा शिक्का असतो, ती तुमच्याकडे ‘जरा ठेवायला’ दिली तर घेऊ नका. ती परवान्याशिवाय सीमा ओलांडून आणणं हाच गुन्हा आहे.

१०. नाही म्हटल्यावर

आवाज चढवू नका, कारण एका वाक्यात सांगा आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळा. समजावत बसलात की सौदा सुरू होतो. ‘मोठ्या भावाला फोन लावून देतो’ म्हटलं तर फोनवर वय सिद्ध होत नाही. जास्त पैसे पुढे केले तर तेच नकाराचं आणखी एक कारण समजा. नाकारलेल्या मुलासाठी लगेच दुसरा कुणी तीच वस्तू मागायला आला तर त्यालाही नाही म्हणा. कुणी अंगावर आलं तर ११२ लावा.

११. काउंटरवर कोण बसतंय

हे शेवटी लिहिलंय, पण मे महिन्यात सगळ्यात आधी चुकतं ते हेच. शाळेला सुट्टी, दुकानात गर्दी, म्हणून घरचं चौदा-पंधरा वर्षांचं पोर गल्ल्यावर बसतं. तंबाखू हाताळायला आणि विकायला बसणाराही १८ पूर्ण हवा. मुलाकडून दारू विकवून घेतली तर बाल न्याय कायद्याचं कलम ७८ लागतं, ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरीचं. स्वतःचं मूल असलं तरी. तंबाखूचा माल अल्पवयीनांच्या हाताला सहज येईल असा मांडायचा नाही, हाही नियम आहे. म्हणून बरण्यांच्या रांगेत पुड्यांच्या माळा लटकवू नका, मागच्या फडताळात ठेवा. मुलाला मदतीला घ्यायचंच असेल तर कांदे-बटाटे, साबण, कोकमच्या बाटल्या यांच्या बाजूला बसवा आणि फडताळाची चावी स्वतःच्या कनवटीला ठेवा.